नव्या बोर्डावर जुनी टेकडी

खंडेनवमीला ताईच्या शेडमधली सगळी यंत्रे बंद असतात. लेथ, मिलिंग, ड्रिल, कंप्रेसर. आदल्या संध्याकाळपासून धुणे-पुसणे सुरू होते, सकाळी हळदकुंकू आणि झेंडूचे हार, मग पेढे, आणि दुपारी शेडला कुलूप. या नियमातून एकच वस्तू सुटलेली होती. मोजणीच्या खोलीतला संगणक. त्याच्या पुढच्या बाजूला 'बंद करू नये' असे लिहिलेला कागद चिकटवलेला होता आणि तो कागद सगळे पाळत. हार घालायचा तो चालू संगणकालाच. आतल्या पंख्याच्या हवेने झेंडूच्या पाकळ्या थरथरत राहायच्या.

शेड चाकणच्या अलीकडे, कुरुळी फाट्यापासून थोडे आत आहे. ताई माझी थोरली बहीण. आमचे वडील पिंपरीतल्या एका कारखान्यात फिटर होते आणि आम्ही दोघे संत तुकाराम नगरमध्ये वाढलो. ताई एका मोठ्या कंपनीच्या गुणवत्ता विभागात मोजमापाच्या कामावर होती. कंपनीने तो विभाग गुंडाळला तेव्हा ती ज्या यंत्रावर काम करायची ते यंत्र भंगाराच्या भावात निघाले. ते तिने घेतले, आणि त्याच्याभोवती शेड उभी केली. मी वर्तमानपत्रातून निवृत्त झाल्यापासून आठवड्यातून दोन-तीनदा तिथे जातो. कंपन्यांना जाणारी पत्रे वाचून दुरुस्त करणे, एवढेच माझे काम.

ते यंत्र म्हणजे काळ्या ग्रॅनाइटचे जाड टेबल. टेबलावर कमानीसारखा पूल आणि पुलावरून खाली येणारी एक सळई. सळईच्या टोकाला ज्वारीच्या दाण्याएवढा माणकाचा मणी. हा मणी एखाद्या सुट्या भागाला टेकला की त्या बिंदूची जागा संगणकात नोंदली जाते. असे पुरेसे बिंदू घेतले की भोक खरोखर गोल आहे का, दोन भोकांमधले अंतर आराखड्याप्रमाणे आहे का, हे केसाच्या जाडीच्या किती तरी पट बारीक फरकापर्यंत कळते. ग्रॅनाइट झिजत नाही. पूल आणि सळई नीट राखली तर यंत्र माणसाच्या आयुष्यभर टिकते. प्रश्न संगणकाचा असतो. यंत्राचा प्रोग्राम फक्त एका जुन्या सिस्टीमवर चालत होता. चालू केल्यावर पडद्यावर निळे आकाश आणि हिरवी टेकडी येते ती. शेडमध्ये तिला 'टेकडीवाली' म्हणत. प्रोग्राम करणाऱ्यांनी तो करणे केव्हाच थांबवले होते. नवा घ्यायचा तर यंत्राचा सगळा विद्युतभाग बदलावा लागला असता, आणि तेवढ्या पैशांत दुसरे यंत्र आले असते.

आमच्या घरात पूजाअर्चा नाही. दसऱ्याला आम्ही पांढरे कपडे घालून विहारात जातो. तरी शेडमध्ये खंडेनवमी होते, कारण शेड कामगारांचीही आहे, असे ताईचे म्हणणे. ती हळदकुंकवाला हात लावत नाही. साफसफाई मात्र स्वतः उभी राहून करून घेते. त्या वर्षी मोजणीची खोली पुसून झाल्यावर ती संगणकाकडे पाहत म्हणाली, "वर्षानुवर्षं चालतोय बिचारा. आत धूळ किती साचली असेल. आज त्यालाही सुट्टी देऊ."

संगणक रीतसर बंद करण्यात आला. मोजणीचे यंत्र चालवणाऱ्या ऑपरेटर बाईंनी बाजूचे झाकण उघडले आणि कंप्रेसरच्या हवेची बंदूक आणली. त्या लातूरकडच्या. नवऱ्याच्या कामासाठी इकडे आल्या आणि ताईच्या हाताखाली मोजणी शिकून तिच्याइतक्याच तरबेज झाल्या. चाकणच्या शेडमध्ये हवेची बंदूक ही सर्व दुखण्यांवरची दवा असते. कपड्यांवरचा लोखंडाचा कीस, टेबलावरचे पाणी, डब्यात चिकटलेला भात, सगळे तिनेच उडवतात. संगणकातली धूळही तिने उडाली. दारापर्यंत राखाडी ढग गेला आणि सगळे खोकत हसले.

पावसाळा संपत आला होता. कंप्रेसरच्या टाकीत साचलेले पाणी काढायचे राहून गेले होते. बंदुकीतून हवेबरोबर पाण्याचे आणि तेलाचे बारीक तुषार जात होते, हे कुणाच्या ध्यानात आले नाही.

दसऱ्यानंतर शेड उघडली तेव्हा बटण दाबल्यावर पंखा फिरला. पडदा काळाच राहिला. पुन्हा दाबले. पंखा, काळा पडदा आणि एक लांब शिट्टीसारखा आवाज. लेथवरचे मामा हात पुसत आले. मामा मोशीचे, शेडमध्ये सगळ्यांत जुने.

"कागदावर काय लिवलंय त्ये कुनाला दिसत न्हाई का?" मामा म्हणाले.

"मलाच का बोलायलाव?" बाई उसळल्या. "बंद केलेल्याला हार तर तुम्हीच घातला की."

"हार घालायला काय? मी फोटोला बी घालतो. फोटू काय चालू आसतो व्हय?"

"मग तसंच झालं ना. तुम्ही त्याला आधीच फोटोचा हार घातला."

ताईने दोघांनाही बाजूला केले. "भांडण चहाच्या वेळेला. आता कुणी बटण दाबू नका."

तिने त्या वेळी सांगितले नाही, पण काय पणाला लागले आहे हे शेडमध्ये सगळ्यांना ठाऊक होते. ताईची लेथ आणि मिलिंग यंत्रे काही वेगळी नाहीत. तशी प्रत्येक गल्लीत आहेत. तिच्याकडे काम येते ते मोजणीच्या खोलीमुळे. कंपनीकडून कच्चे ओतीव भाग येतात, ते इथेच घडतात, इथेच मोजले जातात आणि रिपोर्टसकट कंपनीत परत जातात. खोली बंद म्हणजे रिपोर्ट बंद, आणि रिपोर्टशिवाय तिचा मुख्य ग्राहक एक नगही घेत नव्हता. त्या कंपनीच्या गुणवत्ता विभागातले साहेब फोनवर सभ्यपणे बोलले.

"मॅडम, दिवाळीची सुट्टी लागायच्या आत रिपोर्ट सुरू झाले तर काहीच प्रश्न नाही. नाहीतर सुट्टीनंतरचा लॉट मला तळेगावला टाकावा लागेल. एकदा तिकडे गेला की परत आणणं माझ्या हातात नसतं."

तळेगावच्या ज्या शेडचे नाव निघाले होते तिने ताईला पूर्वी नोकरी देऊ केली होती. त्यांना मोजणारी बाई हवी होती. तिचे यंत्र नको होते. फोन ठेवल्यावर ताईने ग्रॅनाइटवर प्लॅस्टिकचे आवरण घातले आणि मला म्हणाली, "गाडी काढ."

संगणकाचा डबा मागच्या सीटवर ठेवून आम्ही पिंपळे सौदागरला गेलो. तिथे मुख्य रस्त्यालगतच्या एका इमारतीत तळमजल्यावर संगणक दुरुस्तीचे दुकान आहे. दुकानदार पन्नाशीचे, त्यांना सगळे भाऊ म्हणतात. इमारत त्यांचीच. त्यांच्या आजोबांच्या काळात तिथे ज्वारीचे वावर होते, आता समोर उंच सोसायट्या आहेत. घर वरच्या मजल्यांच्या भाड्यावर चालते आणि दुकान हौसेवर. दुकानात उभे राहायला जागा नव्हती, कारण भाऊ जुने काही टाकत नाहीत. भिंतीला टेकून संगणकांचे सांगाडे, दोऱ्यांवर केबलच्या जुड्या, पत्र्याच्या पेट्यांत बोर्ड.

भाऊंनी झाकण उघडले, वास घेतला आणि विचारले, "कुनी हवा मारली?"

ताईने सांगितले.

"वाटलंच. दसरा झाला का माझ्याकडं दोन-तीन डबे येत्यातच. एकानं तर राव, गोमूत्र शिंपडलं व्हतं. म्हनला, शुद्ध केला. म्हनलं, शुद्ध झाला, आता शांत बी झाला."

वरून जिन्यातून बाईमाणसाचा आवाज आला. "त्यांना म्हणावं, जुनं काही ठेवून जाऊ नका!"

"आमचं गृहखातं," भाऊ म्हणाले आणि कामाला लागले.

बोर्ड, म्हणजे संगणकाचे सगळे भाग जिच्यावर बसतात ती मुख्य पाटी, गेला होता. त्यावरची बारकी नळकांडी फुगली होती, पाण्याने तांब्यावर हिरवट डाग आले होते. पण डिस्क फिरत होती. कुरकुर करत का होईना, फिरत होती. ताईने बोर्डाकडे पाहिलेच नाही. तिचे लक्ष डिस्कवर होते. प्रत्येक मोजणी यंत्राचा पूल कुठे ना कुठे किंचित वाकडा असतो. तो किती आणि कुठे वाकडा आहे याचा नकाशा त्या डिस्कवरच्या एका फाइलमध्ये होता. यंत्र बसवताना तो एकदाच काढलेला. फाइल गेली तर उरतो तो दगड.

"आधी नक्कल, मग अक्कल," भाऊ म्हणाले. त्यांनी डिस्कची नक्कल लावली आणि आम्हाला समोर पोहे खायला पाठवले. परत आलो तेव्हा ते हसत होते. नक्कल पूर्ण झाली होती. ताईने दुसरी नक्कलही मागितली. ती झाल्यावर पहिल्यांदा स्टुलावर बसली.

इथपर्यंत सोपे होते. पुढचा भाग मला नीट समजून घ्यावा लागला, आणि मला समजले तेवढे असे. संगणकाची सिस्टीम तिच्या काळातले सुटे भाग गृहीत धरून बनवलेली असते. डिस्कशी कसे बोलायचे, कीबोर्ड कुठे असेल, एका वेळी किती कामे होतील, हे सारे तिच्यात लिहिलेले असते. नंतरचे भाग तिला परके. भाऊंनी नक्कल एका नव्या संगणकात घातली. सिस्टीम बनवणाऱ्यांची खूण पडद्यावर आली, मग निळा पडदा, पांढरी अक्षरे, आणि संगणक पुन्हा पहिल्यापासून चालू झाला. पुन्हा निळा पडदा. पुन्हा पहिल्यापासून.

"तिला डिस्कच दिसंना," भाऊ म्हणाले. "गावाकडचं मानूस मॉलमधी सोडल्यावानी झालंय. जिना हाय, पन त्यो चालता हाय."

इथे मी एक सूचना केली. आमच्या वर्तमानपत्रात पाने लावण्याचा जुना प्रोग्राम आणि त्याचे जुने मराठी टाइप नव्या संगणकांवर चालेनासे झाले तेव्हा तिथल्या तंत्रज्ञांनी नव्या सिस्टीमच्या पोटात जुनी सिस्टीम चालवली होती. पडद्यावर एक चौकट उघडायची आणि त्या चौकटीत जुना संगणक जसाच्या तसा. भाऊंना हे माहीत होते. ते म्हणाले, करून बघू. दुसऱ्या दिवशी दुपारी ते स्वतः शेडवर आले. चौकट उघडली. टेकडी आली. मोजणीचा प्रोग्राम उघडला, सगळ्या भागांची नावे ओळीने दिसली. ऑपरेटर बाईंनी टाळी वाजवली.

"बघा मामा, फोटोतून बाहेर आला!"

मग त्यांनी यंत्र जागे करण्याचे बटण दाबले आणि प्रोग्रामने उत्तर दिले: यंत्र सापडत नाही.

कारण साधे होते. यंत्र आणि संगणक यांना जोडणारे एक लांबट हिरवे कार्ड आहे. ते बोर्डाच्या खाचेत बसते. चौकटीतल्या संगणकाला खाच नसते. वर्तमानपत्रातल्या प्रोग्रामला बाहेरच्या जगाशी बोलायचे नव्हते, फक्त पाने लावायची होती. इथे ग्रॅनाइटवरचा पूल हलवायचा होता. माझी सूचना तिथे संपली. भाऊंनी नव्या संगणकाचे झाकण काढून दाखवले. त्यात तशी खाचच नव्हती. खाचा आता आखूड झाल्या आहेत.

दिवाळीचे कंदील दुकानांबाहेर लागू लागले होते. ताई रोज सकाळी शेड उघडत होती, लेथवर दुसऱ्या ग्राहकांची किरकोळ कामे चालू होती, आणि मोजणीच्या खोलीचे वातानुकूलन तिने बंद केले नव्हते. मी एकदा विचारले, यंत्र बंद आहे तर वीज कशाला जाळतेस. ती म्हणाली, "दगड तापला तर थंड व्हायला दोन दिवस घेतो. आपण चालू करू त्या दिवशी तो तयार पाहिजे." तिने 'चालू झालं तर' असे म्हटले नाही. हे माझ्या तेव्हाच लक्षात आले.

खाचेचा प्रश्न भाऊंनी सोडवला आणि त्याबद्दल ते अजूनही सगळ्यांना सांगतात. कारखान्यांसाठी वेगळे बोर्ड बनतात. प्रोसेसर नव्या पिढीचा, पण खाचा जुन्या, लांब. ते अजून बनतात, कारण जगात ताईच्या यंत्रासारखी यंत्रे पुष्कळ आहेत. कार्ड आणि यंत्र चांगले आहे, फक्त मधला संगणक गेला आहे, अशी अडचण अनेकांची. भाऊंनी असा बोर्ड मागवला. खोके आले तेव्हा त्यांनी मला फोन केला. "पेपरवाले, या. बारसं हाय."

बारशाला वेळ लागला. नव्या बोर्डावर जुनी सिस्टीम घातली तर पुन्हा तोच निळा पडदा. भाऊंनी बोर्डाच्या आतल्या सेटिंगमध्ये जाऊन डिस्कला जुन्या पद्धतीने बोलायला लावले. निळा पडदा गेला, पण टेकडीच्या आधी नाव विचारणाऱ्या पडद्यावर कीबोर्ड चालेना. नव्या चपट्या पिनेचा कीबोर्ड तिला ओळखताच येत नव्हता. भाऊंनी पत्र्याची पेटी उपसून गोल पिनेचा कीबोर्ड काढला. त्याची दोन अक्षरे पुसली गेली होती. जिन्यातून आवाज आला, "सापडलं का?"

"सापडलं!" भाऊ ओरडले. "म्हनून टाकत नसतो मी!"

"कळलं!"

दुसऱ्या दिवशी तो संगणक शेडवर आला. कार्ड खाचेत बसले. ताईने स्वतः बटण दाबले. पूल क्षणभर थरथरला, मग अंगात जीव आल्यासारखा हळूच मागे सरकला आणि आपल्या मूळ जागी जाऊन थांबला. मामा दारात उभे होते. त्यांनी टोपी काढून पुन्हा घातली.

ताईने लगेच कुणाला फोन केला नाही. तिने कपाटातून लाकडी पेटी काढली. पेटीत पोलादाचे एक वलय असते. त्याचा आतला व्यास किती आहे याचा दाखला असतो, आणि यंत्र खरे बोलते का हे त्यावरून ठरते. वलय ग्रॅनाइटवर ठेवले. मणी आतून चार ठिकाणी टेकला. आकडा आला. ताईने पुन्हा मोजले. दुसरा आकडा. तिसऱ्यांदा, तिसरा. फरक फार नव्हता. केसाच्या जाडीपेक्षा कमीच. पण तिच्या कामात तो फार होता.

"जवळजवळ बरोबर हाय की," भाऊ म्हणाले.

"जवळजवळ मला पट्टीनेही येतं," ताई म्हणाली.

"जेवढं चुकतंय तेवढं वजा करा ना," मामा म्हणाले.

"एकसारखं चुकलं असतं तर केलं असतं मामा. हे दर वेळी वेगळं चुकतंय. याच्यावर सही करता येत नाही."

कंपनीची सुट्टी तोंडावर आली होती. रिपोर्ट काढता आला असता, आकडे आराखड्यात चालणाऱ्या फरकाच्या मर्यादेत बसवताही आले असते, आणि कंपनीला कदाचित कळलेही नसते. असे कुणी बोलले नाही. ताईने मणी बदलून पाहिला, सळई घट्ट केली, कार्ड काढून पुन्हा बसवले. आकडे हलतच राहिले.

त्या दुपारी मी त्याच संगणकावर एक वेगळे काम करत होतो. जुने सगळे रिपोर्ट पेन ड्राइव्हवर उतरवून घ्यायचे ताईने सांगितले होते. यंत्र वाचले नाही तरी कागद वाचावेत म्हणून. फाइली हजारो होत्या आणि उतरायला वेळ घेत होत्या. ताई शेजारीच वलय मोजत बसली होती. मोजायचे, आकडा पाहायचा, पुन्हा मोजायचे.

ती एकदम थांबली. "तू काय करतोयस?"

"कॉपी."

"चालू आहे अजून?"

"हो. थांबवू?"

"नको. चालू ठेव." तिने मोजले. मग पुन्हा. मग पुन्हा. आकडा तोच. वलयाच्या दाखल्यावर होता तो. "आता थांबव."

थांबवले. आकडा हलला.

"चालू कर."

चालू केले. आकडा स्थिर.

ऑपरेटर बाई खुर्ची ओढून जवळ आल्या. "म्हणजे ह्याला काम दिलं की हा नीट वागायलाय? रिकामा राहिला की वांडपणा करायलाय?"

"आमच्या धाकट्यावानी," मामा म्हणाले.

भाऊंना फोन लावला. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, "आसं करा, चहा टाका. मी आलोच." मोशीच्या चौकात अडकून ते तासाभराने पोहोचले. त्यांचा अंदाज असा: जुना प्रोग्राम लिहिला तेव्हा संगणक सावकाश होते. मणी टेकल्यावर एक ठरावीक विराम घ्यायचा आणि मग जागा वाचायची, असे त्यात असणार. आणि तो विराम घड्याळाने न मोजता संगणकाच्या स्वतःच्या वेगाने मोजलेला असणार. नव्या प्रोसेसरला तो विराम फार लहान पडतो. सळईचा कंप निवण्याआधीच जागा वाचली जाते. कॉपी चालू असली की संगणक दमतो आणि विराम पुरेसा होतो.

"म्हणजे हुशारी जास्त झाली," ताई म्हणाली.

"व्हय. सून आनली विंजिनेर, आन् सासूनं सांगितलं चुलीवर भाकरी कर. ती बिचारी तवा तापायच्या आधीच भाकर टाकतीय." त्यांनी बोर्डाची सेटिंग पुन्हा उघडली. प्रोसेसरमध्ये चार कोर होते, चार डोकी म्हणा. त्यांतली तीन बंद केली. उरलेल्याचा वेग येईल तितका खाली आणला. इंटरनेटची केबल काढून खिशात घातली. "हिला भायेरचं वारं लागू द्यायचं न्हाई. आजकालच्या रोगांवर हिच्याकडं औषध न्हाई."

संगणक सुरू व्हायला आता वेळ लागला. टेकडी सावकाश उमटली. ताईने वलय मोजले. आकडा आला. पुन्हा तोच. तिने वलय काढून दुसऱ्या जागी, टेबलाच्या कडेला ठेवले. तोच. मग बाईंना मोजायला लावले, कारण एकाच हाताने मोजलेल्यावर तिचा विश्वास नसतो. तोच आकडा. मी उद्योगवार्ता लिहीत होतो तेव्हा या पट्ट्यातल्या कितीतरी नव्या प्रकल्पांची उद्घाटने पाहिली आहेत. फिती, फुगे, नव्या यंत्राला हात लावून उभे राहिलेले मंत्री. एका नव्या संगणकाची पाऊण शक्ती मुद्दाम बंद केल्यावर माणसे एवढी खूश झालेली मी प्रथमच पाहत होतो.

ताईने मग फोन लावला.

कंपनीचे साहेब सुट्टीच्या आदल्या दिवशी आले, हातात मिठाईचा बॉक्स आणि रुमालात गुंडाळलेले त्यांचे स्वतःचे वलय घेऊन. आमच्या वलयावर त्यांचा विश्वास नव्हता असे नाही, पद्धतच तशी. त्यांनी वलयाचा दाखला खिशातच ठेवला आणि ताईला म्हणाले, "तुम्ही सांगा किती."

ताईने बाईंना खूण केली. बाईंनी मोजले आणि आकडा मोठ्याने वाचला. साहेबांनी खिशातला कागद काढला, पाहिला, परत खिशात घातला.

"आणखी एकदा?"

बाईंनी पुन्हा मोजले. पुन्हा तोच आकडा वाचला आणि वर म्हणाल्या, "तिसऱ्यांदा बी हाच येतो सर. आम्हाला आता स्वप्नात बी हाच दिसायलाय."

साहेब हसले. मग त्यांनी पडद्याकडे निरखून पाहिले, खाली वाकून डबा पाहिला, मागची गोल पिन पाहिली. "हे नव्या बोर्डावर चालवलंय तुम्ही?"

"हो."

"आमच्या प्लांटमध्ये एक लाइन अजून याच सिस्टीमवर आहे. रोज सकाळी मी तिच्यासमोरून जातो तेव्हा मनातल्या मनात हात जोडतो. कुणी केलं हे? नंबर द्या."

"देते," ताई म्हणाली. "आधी या तपासणीच्या कागदावर सही."

त्यांनी सही केली. भाऊंचा नंबरही घेतला. दिवाळीनंतर भाऊ त्या प्लांटच्या दारात गळ्यात पाहुण्यांचे ओळखपत्र अडकवून उभे होते, तो फोटो त्यांनी मला पाठवला आहे. पुढे आणखी तीन शेडवाल्यांनी आपापले डबे त्यांच्याकडे आणले, त्यांतले दोघे यंत्र चालू असतानाच, नुसती नक्कल काढून ठेवायला. ताईने तसाच दुसरा बोर्ड घेऊन ठेवला. कंप्रेसरच्या टाकीचे पाणी आता रोज सकाळी मामा काढतात. ते कुणी त्यांना सांगितलेले नाही.

सुट्टीनंतर शेड उघडली त्या सकाळी टेम्पो आला. लॉट कुरुळीला आला होता, तळेगावला नाही. चालकाने गाडी मागे घेतली, मामांनी फळी पाडली, काम सुरू करण्याआधी मोजून पाहायला बाईंनी पहिल्या क्रेटमधला पहिला ओतीव भाग उचलून आत नेला आणि ग्रॅनाइटवर ठेवला. तो उन्हातून आलेला, हाताला गरम लागत होता. गरम भाग मोजत नाहीत; खोलीइतका थंड होऊ द्यावा लागतो. म्हणून ताईने दार ओढून घेतले आणि आम्ही सगळे बाहेर चहाला बसलो.